कोलंबस, इंडियानाची वार्षिक वारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची कंपनी डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवते. वर्षातून एकदा आमच्यापैकी दोघा-तिघांना ग्राहकाकडे, अमेरिकेतल्या कोलंबस नावाच्या छोट्या शहरात, आठवडाभर जावं लागतं. पुणे, चाकण, फलटण या पट्ट्यातून असं जाणारे पुष्कळ आहेत. गेली बरीच वर्षं मी हा प्रवास करतोय. दरवर्षी नव्याने निघालेला कुणी ना कुणी फोन करतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदा लिहून काढली.

हे नेमकं कुठलं कोलंबस?

सगळ्यात आधी हे वाचा, कारण इथे चूक झाली तर पहिले दोन दिवस वाया जातात. ओहायो राज्याची राजधानी कोलंबस, ते वेगळं आणि खूप मोठं शहर. जॉर्जियातही एक कोलंबस आहे. आपल्याला जायचंय ते इंडियाना राज्यातलं, साधारण ५० हजार वस्तीचं. ‘कोलंबस’ टाकून तिकीट शोधलंत की संगणक आधी ओहायोचं विमानतळ दाखवतो. ओहायोचं कोलंबस आपल्या कोलंबसपासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. आपलं तिकीट हवं इंडियानापोलिसचं, कोड आयएनडी. तिथून दक्षिणेला गाडीने तासाभराचा रस्ता, सुमारे ८० किलोमीटर. कोलंबसला स्वतःचं छोटं विमानतळ आहे, पण तिथे नियमित प्रवासी विमानं येत नाहीत.

हॉटेलचं बुकिंग करतानाही राज्याचं नाव पुन्हा एकदा बघा. आमच्यातल्या एकाचं तिकीट बरोबर होतं, हॉटेल मात्र ओहायोचं निघालं. रात्री अकरा वाजता विमानतळावर उतरल्यावर त्याला ते कळलं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्याला विचारा.

एवढ्याशा गावात एवढी मोठी कंपनी कशी?

कमिन्स कंपनी १९१९ साली याच गावात सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही इथेच आहे. क्लेसी कमिन्स हा तिथल्या आयर्विन या बँकर घराण्याचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक होता. मालक विल्यम आयर्विन यांनी त्याच्या डिझेल इंजिनाच्या वेडावर पैसे लावले. बरीच वर्षं कंपनीला नफा नव्हता, तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. १९३१ साली या कंपनीच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत इंधनासाठी एकदाही न थांबता पूर्ण केली.

आपल्याकडचा धागा १९६२ चा. किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात कोथरूडला कारखाना उभा राहिला. तेव्हापासून पुणे आणि हे गाव यांच्यात माणसांची ये-जा चालू आहे. कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय तुम्हाला माहीत असेलच. ते नाव या गावातून आलेलं आहे. कोलंबसच्या रस्त्यावर अचानक “अहो, पार्किंग इकडे आहे” असं मराठी कानावर पडलं तर दचकू नका.

व्हिसा कोणता? मुलाखतीत काय सांगायचं?

बैठका, चर्चा, कारखान्याची पाहणी, करार यांसाठी बी-१, म्हणजे व्यवसायभेटीचा व्हिसा चालतो. बहुतेकांना बी-१/बी-२ (बी-२ पर्यटनाचा) एकत्र आणि १० वर्षांचा मिळतो. पुण्याच्या लोकांना मुलाखतीला मुंबईत बीकेसीच्या वाणिज्य दूतावासात जावं लागतं. बोटांचे ठसे आणि फोटो त्याआधी वेगळ्या केंद्रात होतात, म्हणजे दोन फेऱ्या धरा. तारीख मिळायला वेळ लागतो. प्रवास ठरण्याची वाट बघू नका, नाव निघालं की अर्ज भरा.

मुलाखतीत आणि तिकडे विमानतळावर एक शब्द जपून वापरा: काम. आपल्या बोलण्यात “कामासाठी चाललोय” सहज येतं. पण बी-१ वर तिथे प्रत्यक्ष काम करायची परवानगी नसते. लाइनवर उभं राहून पार्ट जोडणं, सुटे भाग निवडून वेगळे काढणं हे त्यात बसत नाही. तुम्ही बैठकांना चाललाय, तर तेच सांगा. आणि खरोखर हाताने काम करायला पाठवत असतील, तर ते प्रवासाआधी कंपनीशी बोलून मिटवा. याबाबतीत “बघू तिकडे गेल्यावर” चालत नाही, आणि खोटं तर अजिबात बोलू नका. निमंत्रणाचं पत्र, परतीचं तिकीट आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापून हाताशी ठेवा. फोनची बॅटरी नेमकी त्या रांगेत संपते.

व्हिसा १० वर्षांचा असला तरी मुक्काम किती दिवस करायचा ते प्रत्येक वेळी विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. उतरल्यावर संकेतस्थळावर आपली आय-९४, म्हणजे प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद उघडून तारीख बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

वर्षातल्या कुठल्या महिन्यात जावं?

तारीख आपल्या हातात असेल तर ऑक्टोबर. हवा आल्हाददायक असते, आणि अर्ध्या तासावर पश्चिमेला ब्राउन काउंटीच्या टेकड्यांवर पानं लाल-केशरी झालेली असतात. मे महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा, तेव्हा इंडियानापोलिसची शर्यत असते आणि हॉटेलांचे दर आभाळाला टेकतात. जानेवारी-फेब्रुवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. स्वेटरवर स्वेटर चढवून भागत नाही. वारा अडवणारं एक जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे आणि घट्ट पकड असलेले बूट लागतात. पुण्यात शोधत बसू नका, उतरल्यावर तिथल्याच मोठ्या दुकानात घ्या. चांगलं आणि स्वस्त मिळतं.

वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला चक्रीवादळाचे इशारे येतात. फोनवर ‘टोर्नेडो वॉच’ आलं तर सावध राहायचं. ‘टोर्नेडो वॉर्निंग’ आलं तर लगेच खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत जायचं. या दोन शब्दांतला फरक पाठ करून जा.

भारतात फोन कधी करायचा?

मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार आपण साडेनऊ तास पुढे, बाकीच्या काळात साडेदहा. तिथे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. विमान शिकागोवरून असेल तर लक्षात ठेवा, शिकागोचं घड्याळ कोलंबसच्या एक तास मागे असतं. परतताना याच एका तासाने गोंधळ होतो.

गाडी चालवावी लागते का? आपला परवाना चालतो का?

लागते. रात्री ॲपवर टॅक्सी मिळेलच असं नाही, आणि कारखाने गावाबाहेर आहेत. आपला परवाना इंग्रजीत असतो, तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो, म्हणजे दरवर्षीच्या वारीला दरवर्षी नवा. गाडी भाड्याने घेताना चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. फॉरेक्स कार्डावर बऱ्याचदा अडतं.

गाडी उजव्या बाजूने चालवायची हे सगळे सांगतात, आणि ते अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. घोळ दुसऱ्याच गोष्टींत होतो. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल तर उजवीकडे वळता येतं. तशी मनाई असेल तर पाटी लावलेली असते. चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो. पिवळ्या शाळेच्या बसने लाल दिवे लावून हात बाहेर काढला की थांबायचंच, मागून येणाऱ्याने आणि साध्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही. इंडियानात जुलै २०२० पासून गाडी चालवताना फोन हातात धरणं बेकायदा आहे. नकाशासाठी स्टँड न्या. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, आणि एक दिसलं की मागे दुसरं असतंच.

पेट्रोल भरताना पंप कार्डाबरोबर पत्त्याचा पिन कोड (तिकडे ‘झिप कोड’) मागतो. तो तिथला पाच आकडी कोड असतो, आपल्या कार्डाला तो नसतो, म्हणून व्यवहार नाकारला जातो. घाबरू नका. आत दुकानात जा, पंपाचा नंबर सांगा, चाळीस डॉलर भरतो म्हणा. कमी पेट्रोल बसलं तर उरलेले पैसे परत मिळतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करायला मात्र विसरू नका.

हॉटेल कुठे घ्यावं?

बहुतेक कंपन्यांचा ट्रॅव्हल डेस्क महामार्ग ६५ च्या बाहेर पडण्याच्या वाटेवर, एक्झिट ६८ जवळ हॉटेल देतो. तिथे हॉटेलं बरीच आहेत आणि स्वस्त पडतात. तरीही माझा आग्रह आहे, थोडं भांडा आणि गावात, वॉशिंग्टन स्ट्रीटच्या आसपास खोली मागा. महामार्गाजवळ पायी कुठेच जाता येत नाही. संध्याकाळी खोलीत बसून टीव्ही बघत आठवडा जातो आणि माणूस “त्या गावात काही नाही” असं सांगत परत येतो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाईट वाटतं.

शाकाहारी माणसाचे खायचे हाल होतात का?

आता होत नाहीत. भारतीय जेवण मिळतं, भारतीय वाणसामानही मिळतं. मेक्सिकन उपाहारगृहात भात, राजम्यासारखे बीन्स आणि भाज्या मिळतात. पण विचारून घ्या, काही ठिकाणी बीन्समध्ये चरबी असते. मिडवेस्टात हिरव्या शेंगांच्या भाजीत बेकन घालायची पद्धत आहे आणि भाजीच्या सूपला कोंबडीचं पाणी वापरतात. “मी शाकाहारी आहे” एवढं सांगून थांबू नका. मांस नको, मासे नकोत, कोंबडीचं पाणीही नको, असं एकेक सांगा. कुणी रागवत नाही. वाढणारे लोक स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात.

रात्रीचं जेवण लवकर असतं, सहा-साडेसहाला. नऊनंतर चुली बंद होतात. म्हणून सामानात मेतकूट, लाडू, चिवडा, तयार उपम्याची पाकिटं असू द्यावीत. गोडा मसाला किंवा दुसरी कुठलीही जास्तीची पूड केबिनच्या पिशवीत ठेवू नका. ३५० मिलिलिटरच्या वर असली की वेगळी तपासणी होते. सुट्या भाज्या, फळं, बिया, मांसाचे पदार्थ नेऊ नका. आंब्याचा मोह तर सोडाच. खाण्याचं काही बरोबर असेल तर विचारल्यावर ‘हो’ म्हणा. सांगितलं तर बघून सोडतात, लपवलं तर दंड होतो.

मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. इंडियानाचा विक्रीकर ७ टक्के, त्यावर टिप १५ ते २० टक्के. टिप म्हणजे आपल्यासारखी बशीत उरलेली चिल्लर नव्हे. वाढणाऱ्यांचा पगार तिच्यावरच चालतो, तेव्हा हात आखडू नका.

औषधं, विमा, चार्जर?

विम्याशिवाय निघू नका. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. तापाची आपली पॅरासिटॅमॉल तिथे ॲसिटामिनोफेन नावाने मिळते. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. वीज १२० व्होल्टची. लॅपटॉप-फोनचे चार्जर चालतात, फक्त चपट्या पिनांचा ॲडॉप्टर घ्या.

तिथल्या बैठका कशा असतात?

लवकर सुरू होतात. साडेसातची बैठक म्हणजे सात पंचवीसला खुर्चीत. सुरुवातीची पाच मिनिटं हवापाणी, मुलं, बास्केटबॉल यांत जातात. ती वाया गेली असं समजू नका, त्यांच्यासाठी तीही बैठकच आहे. इंडियानाच्या लोकांना ‘हूझियर’ म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

आपली एक सवय मात्र तिथे नडते. तारीख पाळता येणार नाही हे माहीत असूनही आपण “हो, करून टाकू” म्हणतो. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘प्रयत्न करतो’ असा घेतात, तिकडे तो शब्द वहीत लिहिला जातो. एका वर्षी मी असा ‘हो’ देऊन आलो. पुढच्या वर्षी समोरच्याने तीच वही उघडून, आवाज न चढवता, तारीख वाचून दाखवली. तेव्हापासून मी “मला दोन आठवडे जास्त लागतील” असं तोंडावर सांगतो. एकदाही वाईट परिणाम झालेला नाही.

भेट म्हणून छोटं आणि खाण्याचं काहीतरी न्या. महागड्या वस्तू घेण्यावर त्यांच्याकडे बंधनं असतात. शेंगदाण्याची चिक्की नेलीत तर त्यात शेंगदाणे आहेत हे आधी सांगा, तिथे बऱ्याच जणांना त्यांची ॲलर्जी असते.

शनिवार-रविवारी शिकागोला जाऊन येऊ का?

तुमची मर्जी. जाऊन-येऊन आठ तास गाडीत जातात. माझं म्हणणं असं, की शनिवारी पोहोचा आणि रविवार गावात काढा. झोपेचं चक्रही त्याने बसतं. शिवाय हे गाव चालून बघण्यासारखं आहे. असं गाव मी दुसरं बघितलेलं नाही.

कारण सांगतो. १९५०च्या दशकात गावात शाळा कमी पडू लागल्या, आणि चांगले इंजिनिअर कुटुंब घेऊन इथे येईनात. कमिन्सचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी शाळामंडळाला सांगितलं, आम्ही देतो त्या यादीतला वास्तुविशारद निवडा, त्याचं मानधन आमची संस्था भरेल. त्यातली पहिली शाळा १९५७ साली हॅरी वीझ यांनी बांधली. मग ही सोय सगळ्याच सार्वजनिक इमारतींना मिळाली. म्हणून इथलं अग्निशमन केंद्रही रॉबर्ट वेंचुरी यांच्यासारख्या नामवंत वास्तुविशारदाच्या हातचं आहे. अमेरिकेतल्या मोठमोठ्या शहरांना हेवा वाटावा अशा इमारती इथे चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या आहेत, आणि त्यांत मुलं शिकतात, म्हातारी माणसं पेपर वाचतात.

फिफ्थ स्ट्रीटवरच्या पर्यटक केंद्रापासून सुरुवात करा. जवळच आय. एम. पेई यांचं विटांचं ग्रंथालय आहे, १९६९ चं. त्याच्या अंगणात शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची मोठी कमान उभी आहे. तिच्याखाली जाऊन हात लावता येतो. हिरवट पडलेला तो धातू हिवाळ्यात इतका गार असतो की हातमोज्यातूनही कळतं. कमानीतून बघितलं की समोर रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेन यांचं १९४२ चं चर्च आणि त्याचा उंच चौकोनी मनोरा. ना नक्षी, ना कळस. माझे एक सहकारी पहिल्यांदा म्हणाले, “हे चर्च वाटतच नाही.” दुसऱ्या वर्षी तेच आपणहून तिथल्या बाकावर अर्धा तास बसून राहिले.

एलिएल यांचा मुलगा ईरो सारिनेन यांनी इथे तीन कामं केली: १९५४ ची काचेच्या भिंतींची बँक, १९५७ चं मिलर यांचं घर आणि १९६४ मध्ये पूर्ण झालेलं, अणकुचीदार शिखराचं षट्कोनी नॉर्थ ख्रिश्चन चर्च. ते पूर्ण झालेलं बघायला ईरो जिवंत नव्हते. मिलर यांचं घर आता इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे आहे आणि तिकीट काढून बघता येतं. हे तिकीट प्रवासाला निघण्याच्या कित्येक आठवडे आधी काढा. दिवाणखान्यात जमिनीत खोल उतरवलेली चौकोनी बैठक आहे, रंगीत उशांची. ती बघून मला आमच्या गावच्या वाड्यातला चौक आठवला. सगळ्यांनी एका पातळीवर, एकमेकांकडे तोंड करून बसायचं.

दुपारी वॉशिंग्टन स्ट्रीटवर झहाराकोस नावाचं १९०० सालापासूनचं आइस्क्रीमचं दुकान गाठा. तिथला जुना, कपाटाएवढा ऑर्गन वाजवून दाखवतात. थंडी फार असेल तर ‘द कॉमन्स’ या बंदिस्त चौकात जा. तिथे ज्याँ तँग्ली यांचं सुमारे ३० फूट उंच, चाकं-साखळ्या-गोळ्यांचं फिरतं शिल्प आहे. मेकॅनिकल माणसाला तिथून हलवावं लागतं.

दरवर्षी तेच गाव, कंटाळा येत नाही का?

पहिल्या दोन वर्षांत आला. तिसऱ्या वर्षी ग्राहकाकडचे एक ज्येष्ठ गृहस्थ, निवृत्तीला आलेले, रविवारी सकाळी हॉटेलवर आले आणि म्हणाले, चला, आमची नदी दाखवतो. त्यांनी मिल रेस पार्कात नेलं. तिथे फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या मिळतात आणि पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा सुरू होतो. पुण्याच्या माणसाला संगम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पार्कात मनोरा आहे, त्यावर चढलो. वरून त्यांनी हाताने गाव दाखवलं. जून २००८ च्या पुरात पाणी कुठे कुठे शिरलं, रुग्णालय कसं रिकामं करावं लागलं, त्यांच्या तळघरात पायरीच्या कितव्या दगडापर्यंत आलं, सगळं सांगितलं. ते हाताने पाण्याची उंची दाखवत होते.

माझे वडील पानशेतचं असंच सांगायचे. १२ जुलै १९६१, धरण फुटलं, नारायण पेठेत पाणी कुठवर आलं ते हात छातीशी धरून दाखवायचे. मी ते त्या गृहस्थांना सांगितलं. पूर ओसरल्यावर लोकांनी काय काय केलं, पंप कुणाचे, खिचडी कुणाकडे, गाळ किती दिवस, असं बोलत आम्ही त्या मनोऱ्यावर तासभर उभे होतो. खाली उतरताना त्यांनी विचारलं, धरण कशाने फुटलं? इंजिनिअर माणूस, त्याला कारण हवंच. बांधकाम पुरतं झालेलं नसताना पाणी भरत गेलं, असं मला येत होतं तेवढं सांगितलं.

पुढच्या वर्षी जाताना पानशेतच्या पुरानंतरच्या पुण्याचा एक फोटो मोठा छापून नेला. तो त्यांनी टेबलासमोर लावला. निवृत्त झाले तेव्हा घरी घेऊन गेले. आता दरवर्षी पोहोचलो की पहिला फोन त्यांना करतो, आणि रविवारी सकाळी ते हॉटेलच्या दाराशी गाडी घेऊन उभे असतात.